खरातबाईंचा काचेचा फिल्टर

खरातबाईंना झाकण सहन व्हायचं नाही. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात शिरल्या की आधी पातेल्यावरची ताटली उचलायच्या आणि मग स्वयंपाकिणीची विचारपूस करायच्या. पाण्याच्या टाकीवर पदर खोचून स्वतः चढायच्या. कुणाच्या लग्नाला गेल्या तरी मांडवात टेकण्याआधी आचाऱ्याकडे एक फेरी व्हायचीच. एकदा एका पुढाऱ्यानं शाळेला फीत बांधलेलं भलंमोठं खोकं भेट दिलं. टाळ्या चालू असतानाच बाईंनी ते व्यासपीठावर फोडलं. आत वाळवी लागलेली जुनी पुस्तकं निघाली आणि कार्यक्रम तिथंच आटोपला. "झाकण काढा," हे त्यांचं पालुपद. "चांगलं असंल तर बघितल्यानं सडत न्हाई."

त्या गेल्या तेव्हा शोकसभेत एकामागून एक वक्ते उठले आणि बाई किती शांत, किती सोशिक, किती मृदुभाषी होत्या ते सांगत सुटले. मी पुढच्या रांगेत बसले होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. सोशिक? ज्या बाईनं तपासणीला आलेल्या साहेबाचा चहा काढून घेतला आणि म्हणाली, "आधी मुलींचे संडास बघा, मंग चहा," ती सोशिक? मेलेल्या माणसाला एवढं गुळगुळीत करून टाकायची ही कुठली रीत? म्हणून उशिरा का होईना, हे लिहायला बसले आहे. कुणाला रुचलं नाही तर नाही.

गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की गावाची बदनामी केली म्हणून बोंब होईल, आणि खरं सांगायचं तर त्या काळात आमच्या जिल्ह्यात असं गाव शोधावं लागत नव्हतं. बदनापूर आणि तीर्थपुरी यांच्या मधल्या पट्ट्यातलं बाजाराचं गाव समजा. मधोमध पेठ, पेठेत कापडाची आणि किराण्याची दुकानं, पेठेच्या मागून वाहणारा नाला आणि नाल्यापलीकडे बाईंची वस्ती. बाई मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. मी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथं मराठी शिकवायला गेले. आमचं घराणं तीर्थपुरीकडचं, शेतीवाडीवालं; पेठेत माझ्या सख्ख्या मामाचं कापडाचं दुकान होतं. बाईंनी पहिल्या दिवशी मला विचारलं, "माझ्या घरी जेवशील का दुकानदाराच्या भाचीसारखी वागशील?" मी जेवले. भाकरीबरोबरचा खर्डा इतका तिखट होता की डोळ्यांतून धारा लागल्या. बाई म्हणाल्या, "हां, आता बराबर."

त्यांच्याकडे एक अँबॅसिडर होती, अगदी पहिल्या घडणीची, फिकट हिरवी, डोळे वटारून बघितल्यासारखे दिवे असलेली. जालन्यातला एक जिनिंगवाला धंदा गुंडाळत होता, त्याच्याकडून त्यांनी ती घेतली. त्याच जिनात बाईंची आई कापूस वेचायला जायची. "मालकाची ही गाडी फाटकातून आत आली की बाया कामावरून उठून उभ्या राह्यच्या," बाईंनी मला सांगितलं होतं. गाडी ताब्यात आल्यावर त्यांनी म्हाताऱ्या आईला मागच्या सीटवर बसवलं आणि त्या जिनाच्या बंद फाटकासमोरून सावकाश दोन चकरा मारल्या. आई म्हणे सारखी म्हणत होती, "पुरे गं, लोकं बघून राह्यलेत." त्यावर बाईंनी तिसरी चक्कर मारली.

गाडी चालवायला त्यांना जालन्याच्या रज्जाकभाईंनी शिकवलं. एमआयडीसीच्या रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. रज्जाकभाई मोठे मानी मिस्त्री. गिऱ्हाईकानं मध्ये तोंड घातलेलं त्यांना खपायचं नाही आणि बाई तर गिऱ्हाइकांतल्या महामाया. बॉनेट उघडलं की दोघांची जुंपलीच म्हणून समजा. "मॅडम, तुम शाळा चलाव, मैं गाडी बनाता," असं ते म्हणायचे आणि बाई म्हणायच्या, "गाडी माझी हाय. तिच्या पोटात काय चाललंय ते मला कळलं पाह्यजे." एवढं भांडूनही बाई दुसऱ्या मिस्त्रीकडे कधी गेल्या नाहीत आणि रज्जाकभाईंनी त्यांच्या गाडीला दुसऱ्याचा हात कधी लागू दिला नाही.

आता त्या वर्षाचं सांगते. चौदा एप्रिलची जयंतीची मिरवणूक आमच्या गावात पूर्वापार नाल्याच्या मागच्या रस्त्यानं जायची. पेठेत तिला शिरकाव नव्हता. बाईंनी आणि वस्तीतल्या तरुणांनी वर्षानुवर्षं अर्ज, बैठका, वादावादी केल्यावर त्या वर्षी पहिल्यांदा पेठेतून जायची परवानगी मिळाली. मात्र शांतता समितीच्या बैठकीत फौजदारांनी अट घातली. मिरवणुकीनं पेठेत थांबायचं नाही. या टोकाला शिरायचं, त्या टोकाला निघायचं. "मध्ये एकदा जरी थांबली," ते म्हणाले, "तर पुढच्या सालापासून पुन्हा नाल्याचा रस्ता. मंग माझ्याकडं येऊ नका."

अट मान्य करून पोरं बाहेर पडली, तोवर गावातले ट्रॅक्टर आटले. दरवर्षी तसबिरीसाठी ज्यांचे ट्रॅक्टर मिळायचे त्यांतल्या एकाचा एकाएकी नांगरटीला गेला, दुसऱ्याचं टायर फुटलं, तिसऱ्याच्या मालकाला पाहुणे आले. पाहुण्यांचा आणि ट्रॅक्टरचा काय संबंध ते मला आजतागायत कळलेलं नाही. पोरं तोंड पाडून बाईंच्या ओट्यावर बसली. हातगाडीवर न्यावी का, असं कुणीतरी म्हणालं. बाई आतून हात पुसत आल्या. "हातगाडी कशाला? माझी गाडी काय मेली का? टपावर कॅरिअर हाय. तसबीर वर, मी आत. बघू कोण अडवतंय."

कुणी अडवलं नसतं. अडवणार होती ती गाडीच. पेट्रोलच्या टाकीला आतून गंज चढला होता. त्याचा भुगा वाहत वाहत कारबोरेटरच्या बारीक छिद्रात जाऊन बसायचा आणि गाडी मध्येच आचके देऊन बंद पडायची. आम्ही दोघींनी जालना रस्त्यावर माणसाच्या चालीनं ती चालवून बघितली. वस्तीपासून वेशीपर्यंत जायचं, तर वाटेत तीनदा मान टाकली. प्रत्येक वेळी बाई उतरायच्या, कारबोरेटर उघडायच्या आणि छिद्रात तोंडानं फुंकर मारायच्या. ओठांना पेट्रोल लागलेलं. पेठेत असं झालं असतं तर परवानगी तिथल्या तिथं गेली असती, आणि जन्मभराची.

टाकी बदलायला वेळ नव्हता आणि तसली टाकी मिळतही नव्हती. उपाय एकच. टाकीतून येणारं पेट्रोल चांगल्या फिल्टरमधून गाळून घ्यायचं. झालं. फिल्टर कुठला, यावरून रज्जाकभाईंच्या गॅरेजात जे रण माजलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

रज्जाकभाईंनी लाकडी फळीवर दोन वस्तू मांडल्या. एक प्लास्टिकचा इवलासा, दुचाकीला लावतात तो. तो त्यांनी स्वतःच बाजूला सारला. "ये तो बिल्ली का दूध हय. हाथी को क्या पुरेगा." दुसरा पत्र्याच्या डबीतला, चारी बाजूंनी बंद, आत कागदाच्या घड्या. याच्यावर त्यांचा जीव. "जीपवाले यहीच लगाते. एकदम बारीक छानता. बिलकुल भरोसे का." तिसरी वस्तू त्यांनी मांडली नव्हती, ती बाईंनी भंगाराच्या पेटीतून उचलून आणली होती. जुन्या काळच्या पाण्याच्या इंजिनावर असायची तशी जाड काचेची वाटी, वर पितळी जाळी आणि बुचाचं वायसर.

"ही," बाई म्हणाल्या.

रज्जाकभाईंनी कपाळावर हात मारला. "मॅडम, काच हय वो! इंजन गरम, उपर से काच. तडक गई तो पेट्रोल कहाँ गिरेगा? गरम इंजन पे. तुम अंदर बैठी रहींगी, उपर तसबीर."

खोटं काही बोलत नव्हते ते. पण बाईंनी पत्र्याची डबी कानाशी धरून हलवली, प्रकाशात धरली, उलटीपालटी केली आणि खाली ठेवली. "हिच्यात कचरा भरला का पाणी आलं, मला कसं कळणार? गाडी बंद पडल्यावरच ना? तेव्हा कळून काय उपेग? काचेला तडा गेला तर मला दिसंल. रोज बघत जाईन."

बाई गणिताच्या. नुसत्या हट्टावर निर्णय त्यांना पटत नव्हता. तिन्ही फिल्टर त्या शाळेत घेऊन आल्या, गंजाचा भुगा घातलेलं पेट्रोल प्रयोगशाळेत उंचावर टांगलं आणि एकेका फिल्टरमधून खाली काचपात्रात सोडून बघितलं. विज्ञानाचे सर आगीच्या भीतीनं मैदानात जाऊन उभे राहिले आणि तिथून ओरडून सूचना देत होते. प्लास्टिकचा लगेच तुंबला. पत्र्याच्या डबीतून पेट्रोल निघालं ते आरशासारखं स्वच्छ, पण इतकं रेंगाळत की आमच्या गाडीच्या म्हाताऱ्या पंपाला ते ओढणं जडच गेलं असतं. वाटीतून धार भराभर आली, भुगा तळाशी बसला, थोडा बारीक गाळ मात्र निसटला. "रुपयातले बारा आणे गाळते," बाई म्हणाल्या, "आणि उरलेले चार आणे कुठं गेले ते दिसतं तरी." मुलींनी मागे टाळ्या वाजवल्या.

रज्जाकभाई नमले, पण अर्धेच. वाटी लावायची असेल तर गाडीच्या मागच्या बाजूला, टाकीपाशी, खाली गारव्यात लावू, असं त्यांचं म्हणणं. इंजिनाशेजारी लावली तर चालत्या मिरवणुकीत, एप्रिलच्या उन्हात पेट्रोल वाटीतच उकळेल. बाईंनी ते साफ धुडकावलं. "मागं, गाडीखाली? मंग काच कशाला लावली? मी काय रस्त्यावर लोळून बघू? समोर लावा. बॉनेट उघडलं की दिसली पाह्यजे." रज्जाकभाईंनी शेवटी ती इंजिनाशेजारी बसवून दिली आणि हात धुता धुता मला म्हणाले, "ये बाई सुनती नइं, सुनाती हय."

चौदा तारखेला ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. टपावर हार घातलेली तसबीर, चारी बाजूंना निळे झेंडे, पुढे लेझीम, मागे बायकांचा लोंढा. बाई निळ्या काठाची पांढरी साडी नेसून स्टेअरिंगवर बसल्या होत्या आणि शेजारी मी. वस्तीतून निघाल्यावर गाडी अशी गोड चालली की मला रज्जाकभाईंची दया आली. पेठेच्या तोंडाशी फौजदार मोटारसायकलला टेकून उभे होते. त्यांनी हात हलवला, चला चला. बऱ्याच दुकानांची फळी अर्धी लावलेली. मामा गल्ल्यावर बसला होता. त्यानं मला गाडीत बघितलं आणि तोंड फिरवून कापडाचा तागा उलगडायला लागला. समोर गिऱ्हाईक कुणीच नव्हतं.

आणि पेठेच्या बरोबर मधोमध गाडीनं दोन उचक्या दिल्या. बाईंनी पाय दाबला. तिसरी उचकी, आणि सगळं गप्प. लेझीम पुढे गेलं, थबकलं, मागे वळलं. मला आठवतंय, त्या शांततेत कुठल्यातरी दुकानात कुणीतरी हसलं.

इतक्या वर्षांचं सगळं आता नाल्यात जाणार, एवढंच डोक्यात होतं. बाई उतरल्या. पदर खोचला, बॉनेट उघडलं, आत बघितलं. मी शेजारी जाऊन उभी राहिले. वाटीत पेट्रोल जवळजवळ नव्हतंच, बुडबुडे नुसते खदखदत होते.

"उकळून राह्यलंय," बाई पुटपुटल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण माझ्या डोळ्यांदेखत उतरला. "कचरा न्हाई. मोडलं काही न्हाई. थंड झालं की चालंल."

तेवढ्यात फौजदार पोचले. "मॅडम, काय ठरलं होतं आपलं?"

"थांबायचं न्हाई असं ठरलं होतं."

"मग?"

"मी थांबले न्हाई. पेट्रोल थांबलं. या, बघा." आणि त्यांनी खरोखर फौजदारांना वाकायला लावलं. फौजदारांनी टोपी काढून वाटीत डोकावून बघितलं. बुडबुडे त्यांनाही दिसले. नाकारणार काय?

"ते ठीक आहे. पोरांना ढकलायला सांगा. त्या टोकाला न्या आणि तिथं काय थंड करायचं ते करा."

पोरं पुढे झालीच होती. दोघांनी तर मागे हातही टेकवले होते. बाई गर्रकन वळल्या. "हात काढा! माझ्या गाडीला कुणी हात लावायचा न्हाई." मग फौजदारांकडे बघून, पण साऱ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "साहेब, वर तसबीर हाय. ती ह्या पेठेतून ढकलत न्यायची न्हाई. चालत आली, चालतच जाईल. तुम्हाला जल्दी असंल तर तुम्ही पुढं व्हा."

मागच्या बायकांतली एकजण खाली बसली. तिच्याजवळची बसली. मग तापलेल्या डांबरावर पदर पसरून सगळा लोंढाच बसला. कुणी सांगितलं नव्हतं. गाणं सुरू झालं, आधी हळू, मग दुकानांच्या फळ्या दणाणतील असं. ज्या रस्त्यानं त्यांतल्या कित्येक जणी जन्मभर डोक्यावर ओझं घेऊन, खाली मान घालून भराभर निघून गेल्या होत्या त्या रस्त्यात त्या मांडी घालून बसल्या होत्या. फौजदारांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा वाटीकडे बघितलं आणि रुमालानं मान पुसत सावलीत जाऊन उभे राहिले.

इंजिनाकडे पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर टाकायला ओलं फडकं हवं होतं. आमच्या कळशीतलं पाणी केव्हाच संपलं होतं. समोरच्या किराणा दुकानातली म्हातारी काकू ओटा उतरून आली, हातात भरलेली बादली आणि तांब्या. तिचा मुलगा मागून "आई, आई" करत होता. तिनं बादली गाडीपुढे ठेवली आणि म्हणाली, "गाडीला घ्या."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. तांब्या उचलला, वरून धार धरून नव्हे तर सरळ ओठाला लावून पाणी प्यायल्या आणि तांब्या बसलेल्या बायांकडे दिला. "आधी माणसं, मंग गाडी," म्हणाल्या. तांब्या ओळीनं फिरला. काकू उभीच होती. बादली तळाला गेली तशी ती उचलून आत गेली आणि भरून घेऊन आली. मला तेव्हा रडू आलं आणि आत्ता हे लिहितानाही येतंय.

ओलं फडकं पंपावर टाकलं. वाटी हळूहळू भरत आली. बुडबुडे निवले, तळाचा तांबूस गाळ स्पष्ट दिसायला लागला. तरी बाई घाई करेनात. गाणं शेवटच्या कडव्यावर आलं, संपलं, तेव्हा त्या आत बसल्या आणि चावी फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. आम्ही पेठेतून बाहेर पडलो ते आमच्या चालीनं.

नंतर जालन्याला गेलो तेव्हा रज्जाकभाईंना सगळी हकीकत आधीच कळलेली होती. ते विजयी मुद्रेनं वाट बघत बसले होते. बाई म्हणाल्या, "रज्जाकभाई, जागा तुमची बराबर होती. वाटी माझी बराबर होती. पत्र्याची डबी असती तर काय बिघडलं ते कळलंच नसतं, आणि घाबरून ढकलत नेली असती." रज्जाकभाईंनी विचार करून मान हलवली आणि वाटी मागे, टाकीपाशी बसवून दिली. त्यानंतर गाडी उन्हात कधीही उकळली नाही.

पुढच्या साली शांतता समितीच्या बैठकीला फौजदार नवे होते. मागच्या वर्षी पेठेत काय गडबड झाली, असं त्यांनी विचारलं. किराणावाल्या काकूंचा मुलगा उठून म्हणाला, "गडबड कसली साहेब? गाडी गरम झाल्ती. पाणी दिलं, गेली." माझा मामाही त्याच्या बाजूला बसला होता. तो काही बोलला नाही. पण आमच्या मामाचं न बोलणंही त्या दिवशी पुष्कळ होतं. नाल्याच्या रस्त्याचा विषय निघालाच नाही.

त्या वर्षी गाडी ठणठणीत होती. पेठेच्या मधोमध आल्यावर बाईंनी आरशात मागे बघितलं, गाडी बाजूला न घेता तिथंच थांबवली आणि चावी बंद केली. मी चमकून बघितलं तर म्हणाल्या, "बघतेस काय? उतर खाली. ऊन लागून राह्यलंय तिला." बायका बसल्या. गाणं झालं. आणि मग दर वर्षी होतच गेलं.

बाई जाऊन आता काही वर्षं झाली. अँबॅसिडर त्यांच्या पुतण्याच्या अंगणात उभी आहे. मिरवणुकीत टेम्पो असतो, नवा कोरा, आणि तो बाईंच्याच शाळेत शिकलेली एक मुलगी चालवते. गेल्या खेपेला मी मुद्दाम गेले होते. पेठेच्या मधोमध टेम्पो थांबला, बायका रस्त्यात बसल्या, समोरच्या दुकानातून बादल्या आल्या. बंदोबस्ताला आलेला एक तरुण अधिकारी घाईघाईनं पुढे आला आणि त्यानं विचारलं, इथं का थांबलात, काय झालं?

त्या मुलीनं चावी काढून मुठीत घेतली, खाली उतरली आणि त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली, "काही न्हाई साहेब. गाडी गरम झालीय."